शेवटची तेवीस पत्रं

सोमवार, ता. ११ नोव्हेंबर

चि. बयोस,

अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. दोन महिने झाले. तीनदा कागद घेऊन बसलो आणि तीनदा उठलो. एकदा गॅस बंद केला की नाही ते बघायला, एकदा दाराची कडी बघायला, आणि तिसऱ्यांदा उगीच. तू म्हणशील, फोन होता की. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तू "बरे आहात ना?" विचारतेस, मी "बरा आहे" म्हणतो, आणि मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. कागदावर जरा धीर येतो. खोडता तरी येतं.

प्रकृती ठीक आहे. गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना ओरडतो. डोळ्यांत औषधाचे थेंब दिवसातून दोनदा घालतो, निम्मे गालावर पडतात. खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात सायकल ठेवायला सुरुवात केली आहे. कुणी अडखळून पडलं तर काय, म्हणून मी रोज ती भिंतीला सरकवतो आणि ते रोज पुन्हा मध्ये आणतात. अजून भांडण झालेलं नाही, पण होईल अशी धास्ती वाटते.

विद्यापीठाच्या भाषा विभागात पुन्हा बोलावणं आलं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी प्रशिक्षणाचा वर्ग लागला की विभागप्रमुख बाई मलाच बोलावतात. नवा शिपाई तारा चुकीच्या जागी खुपसतो म्हणे. सकाळी हॉल उघडायचा, संगणक पुसायचे, दोन वेळा चहा फिरवायचा, झेरॉक्स वाटायच्या आणि शेवटी कुलूप लावायचं. मी कुलूप तीनदा ओढून बघतो म्हणून पोरं चेष्टा करतात. शुक्रवारी एकजण म्हणाला, "काका, सोडा आता, त्याला झोप आली."

यंदाचा वर्ग दहा दिवसांचा आहे. बावीस जण आलेत, सगळे संशोधन करणारे. कुणी शिक्षक, कुणी वकील. एक बाई वीस वर्षं रुग्णालयात नर्स होती, आता आजारी माणसं आपल्या आजाराबद्दल कसं बोलतात यावर प्रबंध लिहिते आहे. तिला सगळे नर्सबाईच म्हणतात. दुसरा एक तरुण मास्तर आहे, तो प्रत्येक गोष्टीला "पण कशावरून?" विचारतो. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव शंकासुर पडलं.

तुला नेहमी वाटतं की मी तिथे नुसता चहा देतो. पण इतकी वर्षं भिंतीला टेकून ऐकलं की सातवी पास माणसालाही थोडं समजतं. पूर्वी अभ्यासक दहा-वीस उतारे वाचायचे आणि लोक अमुक गोष्टीबद्दल कसं बोलतात ते सांगायचे. बाई म्हणतात, "दहा उतारे म्हणजे तुम्हाला आवडलेले दहा उतारे." म्हणून आता हजारो कागद संगणकात भरतात. बातम्या, भाषणं, अर्ज, पत्रं, जे मिळेल ते. मग कोणता शब्द किती वेळा येतो आणि कोणाच्या शेजारी बसतो ते मोजतात. त्या साठ्याला ते कॉर्पस म्हणतात. मी कोठी म्हणतो. एखादा शब्द सांगितला की संगणक साऱ्या कोठीतून त्याच्या ओळी काढून भिंतीवर दाखवतो. शब्द मधोमध लाल अक्षरांत, डावीकडे त्याच्या आधीचं बोलणं, उजवीकडे नंतरचं, ओळीखाली ओळ. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं.

बाई कडक आहेत. आकडा बघून कुणी खूश झालं की म्हणतात, "पाठ नंतर थोपटा. आधी ओळ उघडून वाचा." वर्गाच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मोठ्या शब्दांच्या मागे लागू नका. मोठे शब्द माणूस निवडून घालतो. छोटे शब्द आपोआप पडतात, आणि तेच चहाड्या करतात." मी ट्रे घेऊन मागे उभा होतो. का कोण जाणे, ट्रे कलला आणि दोन पेले लवंडले.

आता जे सांगायचं ते सांगतो. रागावू नकोस. बाईंना सरावासाठी एकाच घरातली, पुष्कळ वर्षांची खासगी पत्रं हवी होती. त्या उन्हाळ्यात सगळ्यांना विचारत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे आहेत." इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद या खोलीतून त्या खोलीत नेले, आपल्या घरच्या कागदाला कुणी मागणी घालेल असं वाटलं नव्हतं. आई गेल्यावर आलीस तेव्हा तू आमची सगळी पत्रं भरून ठेवून गेलेली निळी बॅग खाटेखालून काढली आणि देऊन आलो. एकशे एक्केचाळीस पत्रं आहेत. तू शिकायला गेलीस तेव्हापासूनची. आईची, आणि थोडी माझी.

त्यांनी ती टाइप करून घेतली, नावं काढून टाकली. नियम असा की पत्र ज्याला आलं त्याची संमती लागते. तुला कुठे त्रास द्यायचा म्हणून संमतीच्या कागदावर तुझी सही मीच केली. तू शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझी करायचीस, तशी. चूक झाली. शिवाय प्रत्येक पत्राला एक चिठ्ठी लावावी लागते: तारीख काय, बोल कोणाचे, लिहून कोणी दिलं, कोणाला. त्या एकशे एक्केचाळीस चिठ्ठ्या मी आठ दिवस रोज बसून भरल्या.

वर्ग संपला की बाई निवडक पत्रांचं पुस्तक काढणार आहेत आणि त्याआधी तुला पत्र लिहून विचारणार आहेत. तू "हरकत नाही" एवढंच लिही. पत्रं पुन्हा वाचायला मागवू नकोस. जुनं वाचून मन खराब होतं. शेवटच्या वर्षातली तर मुळीच नको. तिच्या हाताला कंप होता, ती सांगायची आणि मी लिहून द्यायचो, त्यांत विशेष काही नाही.

तिकडे थंडी वाढली असेल. बाहेर जाताना कान झाक. रस्ता ओलांडताना जपून.

तुझा,
अप्पा

•

शनिवार, ता. १६ नोव्हेंबर

चि. बयोस,

सोमवारचं पत्र पोचलं असेल तर बाजूला ठेव. त्यात खोटं एकच वाक्य होतं. त्याच्यासाठी बाकी सगळं पत्र लिहिलं होतं.

आज सुट्टी आहे. दुपारचे दोन वाजलेत. हे पत्र आजच जलद टपालाने टाकायचं आहे, पाच वाजता खिडकी बंद होते. म्हणून खोडत बसणार नाही. जसं येईल तसं लिहितो.

गुरुवारी प्रत्येकाने आपला सराव भिंतीवर दाखवायचा होता. नर्सबाईंनी आईची पत्रं घेतली होती. ती आमच्या घरची आहेत हे मीच त्यांना सांगून बसलो होतो, मोठेपणाने. त्या मला म्हणायच्या, "काका, मंडळी भारी मिश्कील होत्या हो तुमच्या. मी रात्रपाळीला असते तर मला अशी पत्रं हवी होती." मी नुसता हसायचो. एक पत्र तर त्यांना पाठ झालं होतं. त्यात आईने लिहिलंय, "तुझ्या वडिलांनी काल कुलूप इतक्यांदा ओढलं की शेवटी कुलूपच म्हणालं, अहो, मी इथेच आहे, तुम्ही जा." हे त्या पोरांना सांगायच्या आणि पोरं माझ्याकडे बघायची.

तर गुरुवारी त्या उभ्या राहिल्या आणि भिंतीवर दोन रकाने आले. एकीकडे आईने स्वतःच्या हाताने लिहिलेली एकशे सात पत्रं. दुसरीकडे तिने सांगून माझ्याकडून लिहवून घेतलेली शेवटची तेवीस. मी चिठ्ठ्यांवर तसंच लिहिलं होतं. बोल आईचे, लिहून देणारे वडील.

"पहिल्या एकशे सातांत 'जपून' हा शब्द तीन वेळा," नर्सबाई म्हणाल्या. "त्यातला एक बरणीबद्दल, एक पोस्टमनच्या नव्या छत्रीबद्दल आणि एक नवऱ्याची नक्कल करताना."

हॉल हसला. मीही हसलो.

"आणि शेवटच्या तेवीस पत्रांत 'जपून' एकसष्ट वेळा."

मग त्यांनी 'तू' या शब्दाच्या ओळी उघडल्या. आधीच्या पत्रांत 'तू'च्या शेजारी काय येतं? बघ. विचार. भांड. खुशाल जा. शेवटच्या तेवीस पत्रांत जाऊ नकोस, उशीर करू नकोस, घाई करू नकोस. आणि येऊ नकोस. बयो, तेवीसपैकी एकोणीस पत्रांत 'येऊ नकोस' आहे. आता परीक्षा आहे, येऊ नकोस. खर्च होईल, येऊ नकोस. आई म्हणते मी ठणठणीत आहे, उगीच येऊ नकोस. भिंतीवर ओळीखाली ओळ, मधोमध लाल. मी ते एकेक करून वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलं होतं. एका जागी उभं केलेलं कधी पाहिलं नव्हतं.

नर्सबाई म्हणाल्या, "निष्कर्ष असा, की आजारपण जवळ आलं की माणसाचं बोलणं आकसतं. ही बाई मुळात धीट होती. शेवटी भित्री झाली." आणि त्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

"पण कशावरून?" शंकासुर म्हणाला.

"झालं सुरू," कुणीतरी पुटपुटलं.

"अहो, कशावरून म्हणजे? आकडे समोर आहेत."

"आकडे कुणीतरी घाबरल्याचे आहेत. कोण घाबरलं त्याचे नाहीत."

बाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताणू नकोस. दाखव."

त्या पोराने बॅगेतली माझी स्वतःची अकरा पत्रं शेजारी उभी केली. तीही मी मूर्खासारखी दिली होती. 'वडील' अशी चिठ्ठी लावून. तिसरा रकाना आला. जपून, जपून, नकोस, नकोस. तुला लिहिलेली माझी पत्रं अशीच असतात, सोमवारचंही तसंच आहे. तो म्हणाला, "हे बघा. ही तेवीस या अकरांच्या घरातली आहेत. त्या एकशे सातांशी यांचं काही नातं नाही."

"अरे, लिहून देणाऱ्याचे चार शब्द येणारच की."

"चार येऊ देत. सगळेच कसे येतात? तेवीस पत्रांत या बाई एकदाही कुणाची चेष्टा करत नाहीत."

"आजारी बाई चेष्टा करेल?"

"आजारी माणसंच करतात. परवा तुम्हीच सांगितलंत." मग तो माझ्याकडे वळला. वाईट पोरगा नाही तो, अगदी सरळपणाने विचारलं. "काका, काकू सांगायच्या तेव्हा तुम्ही शब्दन् शब्द उतरवून घ्यायचात ना?"

बावीस माणसं आणि बाई माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात ट्रे होता. "हो," म्हणून मोकळा झालो असतो तर पुढे काही झालं नसतं. त्या पोराच्या हातात तरी काय होतं, नुसता तर्क. बाईंनी पुढचा माणूस बोलावला असता. माझ्या जिभेवर 'हो' आलेलंही होतं. पण समोर फळ्यावर लिहिलेलं होतं, शेवटी भित्री झाली. ते नर्सबाईंच्या प्रबंधात जाणार होतं, मग छापून येणार होतं, आणि अनोळखी माणसं वाचणार होती की एक बाई होती, ती शेवटी भ्यायली.

मी म्हणालो, "ती भित्री नव्हती हो. खोडा ते."

एवढंच म्हणालो आणि ट्रे घेऊन चहाच्या खोलीत गेलो. नळ सोडून पेले विसळत उभा राहिलो. धुतलेलेच पेले होते.

थोड्या वेळाने बाई आल्या. त्यांनी नळ बंद केला. "काका, ती पत्रं कोणाची?"

"माझी."

"तेवीसच्या तेवीस?"

"हो."

"आणि संमतीवरची सही?"

"तीही."

बाई स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता हाकलतील. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात एक चुकीचा दाखला तयार होत होता, आणि तो माझ्याच माणसाने पुरवलेला. तुमची बायको भित्री म्हणून कायमची नोंदली गेली असती, कळतंय ना?"

"कळतंय."

"मुलीला ठाऊक आहे?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"पत्रं तिची आहेत. मला तिला कळवावंच लागेल. मी बुधवारी लिहीन. त्याच्या आत तिला तुमच्याकडून कळू दे. माझ्याकडून कळलं तर फार वाईट होईल." मग उठताना म्हणाल्या, "मी ती कोठीतून काढून ठेवली आहेत. कुणी उघडणार नाही." कामावर येऊ नका असं म्हणाल्या नाहीत. या असंही म्हणाल्या नाहीत. शुक्रवारी मी गेलो, हॉल उघडला. पोरं रोजच्यासारखी काका, काका करत होती, फक्त चेष्टा कुणी केली नाही. नर्सबाईंनी मात्र माझ्या हातचा चहा घेतला नाही. आजारी माणसाच्या तोंडचे शब्द काढून घेणं त्यांना किती वाईट वाटलं असेल ते मला समजतं.

तर बयो, आता ऐक. आई झोपेत अचानक गेली असं मी तुला सांगितलं आणि गेली एकवीस वर्षं तू म्हणत आलीस, निदान तिला सोसावं लागलं नाही. ती अचानक गेली नाही. ती चौदा महिने अंथरुणावर होती. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कंप वगैरे काही नव्हता. सांगायला तिच्याजवळ शब्दच नव्हता. मी लिहायचो "आई सांगते की," आणि ती माझ्या शेजारी पडून माझ्याकडे बघत असायची.

तिचं डोकं मात्र शाबूत होतं. सगळं कळायचं. तुझं पत्र आलं की मी मोठ्याने वाचायचो आणि ती अर्ध्या तोंडाने हसायची. तुझ्या खोलीमालकिणीचा तो किस्सा मी तिला चार वेळा वाचून दाखवला.

तेव्हा आपल्याकडे फोन नव्हता, खालच्या दुकानात यायचा. तू बोलावलंस की मी जायचो आणि सांगायचो, आईला जिना उतरवत नाही. तू विश्वास ठेवलास. का ठेवू नये? शेजारीणबाई मला जिन्यात गाठून म्हणायच्या, "अहो, पोरीला कळवा. तिची आई आहे ती. तुम्ही नाही कळवलंत तर मी कळवीन." मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, शिष्यवृत्ती सोडून येईल ती, तिचं आयुष्य या दोन खोल्यांत कुजेल. त्यांनी कळवलं नाही. आई गेल्यावर तू आलीस तेव्हा त्या तुझ्याशी धड बोलल्या नाहीत म्हणून तू नाराज झालीस, आठवतं? भाड्याने आणलेली उंच खाट मी ती गेली त्याच दुपारी परत पाठवली होती. औषधाच्या बाटल्या दोन चौक पलीकडे नेऊन टाकल्या. तू यायच्या आत भिंतीवरचे खाटेचे घासल्याचे डागही पुसले.

तुझ्या शिक्षणासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण ते दुसऱ्या नंबरचं. पहिलं असं की त्या सकाळी ती म्हणाली होती, "माझ्या हाताला मुंग्या आल्यात, जीभ जड वाटते. डॉक्टरकडे जाऊ या." आणि मी म्हणालो, "संध्याकाळी बघू." मला रुग्णालयाची भीती वाटते. त्या वासाची, त्या कागदांची, आत गेलेलं माणूस बाहेर येतं का याची. दुपारी ती मोरीत पडली. डॉक्टरने विचारलं, कधीपासून त्रास होता? मी म्हणालो, आत्ताच. त्याला खोटं सांगितलं. तू आली असतीस तर पहिला प्रश्न तोच विचारला असतास, आणि तुझ्यापुढे मला खोटं बोलता आलं नसतं. तू तिच्यासारखं बघतेस. म्हणून तू यायला नको होतीस.

अजून एक आहे.

तिच्या समोरच्या भिंतीवर तुझा फोटो होता, विमानतळावर काढलेला, हातात बॅग. ती डावा हात उचलायची आणि फोटोकडे बोट करायची. मग दाराकडे. पुन्हा फोटोकडे. आधी महिनाभर रोज. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी फडकं आणायचो, फोटो खाली काढायचो, काच पुसायचो, तिला दाखवायचो, "झाला बघ स्वच्छ," आणि परत लावायचो. ती माझ्याकडे बघत राहायची. रागाने नाही. तिला माहीत होतं की मला कळलंय. पुढे पुढे ती आठवड्यातून एकदाच बोट उचलायची. मी फडकं आणायचो. नंतर तिने उचलणं सोडून दिलं, आणि तुला खरं सांगतो, त्या दिवशी मला हायसं वाटलं.

ती भ्यायली नव्हती. शेवटच्या दिवसापर्यंत नाही. तिला फक्त तू हवी होतीस, आणि तू का येत नाहीस हेही तिला माहीत होतं, कारण दर पंधरा-वीस दिवसांनी मी तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नावाने लिहीत होतो, येऊ नकोस. लिहून झालं की मी ते तिला वाचूनही दाखवायचो. का दाखवायचो ते मला आजही समजत नाही.

पहिल्या दोन-तीन पत्रांत मी तिच्यासारखी चेष्टा घालायचा प्रयत्न केला होता. जमलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि मला माझ्या बायकोसारखं एक वाक्य लिहिता आलं नाही. तुला तरी तेव्हा काही वेगळं वाटलं होतं का? हे मला विचारायचं नव्हतं, पण लिहून गेलो. वाटलं असेल आणि तू बोलली नसशील, तर तेही सांग.

बाईंनी मला तेवीस कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आहेत. काल त्या भरल्या. बोल वडिलांचे, लिहिणारे वडील. अक्षर चांगलं आलं. पत्रं कोठीत ठेवायची, जाळायची की तुला पाठवायची ते तू ठरव. बाईंना मी तसंच सांगितलं आहे. तिची एकशे सात मात्र जाळू नकोस अशी विनंती आहे. ती खरी आहेत. त्यांतला एकेक शब्द तिचा आहे.

साडेचार झाले. आता निघायला हवं. मला भीती वाटते, बयो. हे पत्र पोचेल याची वाटते, आणि पोचणार नाही याचीही. महिन्यातून एकदा येणारा तुझा फोन बंद होईल. मग "बरे आहात ना?" विचारणारं कुणी राहणार नाही. ते मी ओढवून घेतलेलं आहे, तक्रार नाही.

तू येऊ नयेस म्हणून मी तेवीस पत्रं लिहिली. हे एक, तू यावंस म्हणून लिहितो आहे. जमणार नसेल, किंवा माझं तोंड पाहायची इच्छा नसेल, तर दोन ओळी टाक. त्यांत काहीही लिही, शिव्या लिही, पण तुझ्या हाताने लिही. टपालवाला आपल्या गल्लीत अकराच्या सुमारास येतो. मंगळवारपासून मी खाली जिन्याशी उभा राहीन. लवकर कळव. फार दिवस लावू नकोस.

तुझ्या आईला ज्याने तुझ्यापासून लपवलं, तो तुझा बाप,
अप्पा